उन्हात अंग का खाजते? घामोळ्या, ‘उन्हाची अ‍ॅलर्जी’ की गाजर गवत? चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात ओळखायचे कसे?

मे महिना उजाडला की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दोन गोष्टी एकदमच येतात. पारा ४५-४६ अंशांच्या पुढे सरकतो आणि तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावे देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत झळकतात, ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत गावेच्या गावे पाने तोडायला जंगलात शिरलेली असतात. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. सत्तर पानांचे एक पुडके आणि शंभर पुडक्यांमागे ठरलेला दर. अंगावर पुरळ उठले, रात्रभर खाजवले, तरी दुसऱ्या दिवशी घरी बसणे परवडत नाही.

मग मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ येते. शेजारणीलाही तीच, लहान मुलालाही तीच. दोन दिवस बरे वाटते, आठवड्याने पुन्हा तेच.

अडचण अशी आहे की उन्हात सुटणारी खाज हा एक आजार नाही. तीत निदान चार-पाच वेगळे प्रकार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरू शकतो. वेगळे ओळखायला मात्र तीन साधे प्रश्न बरेच पुरतात. पुरळ अंगावर नेमके कुठे आहे? उन्हात गेल्यावर किती वेळाने उठले? आणि उठल्यावर किती वेळ राहिले?

घामोळ्यांचा उन्हाशी संबंध किती?

थेट संबंध जवळजवळ नाहीच. घामोळ्या ऊन न पाहताही येतात. घाम ज्या बारीक नळीतून त्वचेवर येतो, ती नळी तोंडाशी बंद झाली की घाम आतच अडतो, आजूबाजूला झिरपतो आणि टोचल्यासारखी आग होते. म्हणून घामोळ्या कपड्याखाली येतात. पाठ, पोट, कंबर, मांड्यांच्या सांध्यात, बाळाच्या मानेच्या वळ्यांत. तळहात आणि चेहऱ्याचा उघडा भाग बहुधा सुटतो. पुरळ कपड्याखाली जास्त आणि उघड्या भागावर कमी असेल, तर संशय घामोळ्यांवर घ्यावा.

इथे चंद्रपूरकरांसाठी एक खास गोष्ट. आपला एप्रिल-मे कोरडा असतो. ४५ अंशांतही घाम लगेच उडतो आणि घामोळ्या त्या मानाने कमी येतात. त्या वाढतात अवकाळी पाऊस पडून गेल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या उकाड्यात किंवा कूलरच्या बंद खोलीत! कूलर हवा थंड करतो ते पाण्याची वाफ करून. खिडक्या-दारे लावून कूलर चालवला की ती वाफ खोलीतच कोंडते, तासाभरात हवा दमट होते आणि अंगावरचा घाम उडायचा थांबतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आर्द्रतेचे तक्ते घोकताना हे गणित मी कागदावर सोडवले होते. आपल्याच घरी पाठीवर घामोळ्या का येतात, हा प्रश्न मात्र तेव्हा सुचला नाही. कूलरच्या समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवणे हा घामोळ्यांवरचा बिनपैशाचा उपाय आहे.

तान्ह्या बाळांचे हाल याच कारणाने होतात. भर मे महिन्यात बाळंतिणीची खोली बंद, शेगडीचा शेक, बाळाला दोन वेळा तेलाचे मालीश आणि वरून घट्ट गुंडाळणे. घामाच्या नळ्या बंद व्हायला आणखी काय हवे? या दिवसांत मालीश हलक्या हाताने करून तेल लगेच धुऊन काढावे आणि सैल सुती झबले घालावे. घामोळ्यांवर खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा कोणतेही घट्ट मलम नको. गार पाण्याने अंघोळ, अंग टिपून कोरडे करणे आणि कॅलामाइन लोशन एवढ्यावर बहुतेक घामोळ्या दोन-चार दिवसांत बसतात. पावडर कोरड्या अंगावर थोडी चालते. घामावर थापली की तिचा लगदा होतो आणि नळ्या आणखी बुजतात.

आणि एक धोक्याची बाजू. अडथळा त्वचेत जितका खोल, तितकी खाज कमी होत जाते. खूप दिवस घामोळ्यांत घालवलेल्या माणसाच्या त्वचेवर कधीकधी कातडीच्याच रंगाचे बारीक उंचवटे राहतात. ते खाजत नाहीत, पण तिथे घामही येत नाही. घामोळ्या बऱ्या झाल्यावरही त्या जागेचा घाम काही आठवडे कमी असू शकतो. कोळसा खाणीत, वीज केंद्रात किंवा सिमेंट कारखान्यात जाड गणवेशात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पाठ-पोटाला घाम येत नाही म्हणजे शरीराला थंड करणारी यंत्रणा अर्धी बंद आहे आणि उष्माघात इतरांपेक्षा लवकर गाठू शकतो.

‘उन्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात ती कोणती?

ती उघड्या भागावर येते. मनगटापासून कोपरापर्यंतचा हाताचा बाहेरचा भाग, मानेची मागची बाजू, गळ्याखालचा कपड्याने न झाकलेला त्रिकोण. बारीक, खाजरे, कधी पांढुरके तर कधी लालसर पुरळ. उन्हात गेल्या गेल्या नव्हे, तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उठते आणि आठवडाभर राहते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे मार्चमध्ये मोहफूल वेचायला जायच्या दिवसांत ती डोके वर काढते. पुढे ऊन वाढत असतानाही अनेकांचे पुरळ आपोआप कमी होते, कारण त्वचा हळूहळू सरावते. ‘मार्चमध्ये त्रास होतो आणि मेमध्ये होत नाही, म्हणजे ऊन कारण नसणार’ असा निष्कर्ष लोक काढतात, तो चुकीचा आहे.

यामागे उष्णता नसून अतिनील किरण असतात. त्यातले लांब लहरींचे किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात. त्यामुळे एसटीत काच लावून खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या एकाच हातावर पुरळ उठू शकते.

गांधी हा वेगळाच प्रकार. काही जणांना चालून, धावून, गरम पाण्याने अंघोळ करून किंवा नुसते तिखट खाऊन अंग तापले की पाच-दहा मिनिटांत टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठतात, प्रचंड खाजतात आणि अर्ध्या-एक तासात मागमूस न ठेवता जातात. कारण ऊन नव्हे, शरीराचे वाढलेले तापमान. उन्हाचा प्रकाश पडताच मिनिटांत गांधी येणे आणि सावलीत काही तासांत जाणे हाही प्रकार आहे, पण तो दुर्मीळ. आपल्याकडे या सगळ्याला ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावतात. त्याने गार वाटते, अपायही नाही. मात्र गांधींसोबत ओठ किंवा डोळे सुजले, आवाज बसला, श्वास लागला तर आमसूल बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

दोष उन्हाचा, पण गुन्हेगार गाजर गवत?

हा प्रकार सर्वात जास्त फसवतो. शेताच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत वाढणारे पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, सर्वांनी पाहिले आहे. भारतात ते पुण्यात १९५०च्या दशकात लक्षात आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत ते आले, असे मानले जाते. त्याचे वाळलेले बारीक कण हवेतून उडतात आणि ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी जडली आहे त्यांच्या चेहऱ्या-मानेवर बसतात. पुरळ उघड्या भागावरच येते, शेतात गेल्यावरच वाढते, त्यामुळे शेतकरी वर्षानुवर्षे ‘मला ऊन सोसत नाही’ म्हणत राहतो.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. ऊन वरून पडते, त्यामुळे वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा आणि कानामागचा भाग सावलीत राहतो. निव्वळ उन्हाच्या पुरळात या जागा स्वच्छ असतात. हवेतले कण मात्र सावली पाहत नाहीत. पापण्या सुजलेल्या, कानामागे आणि हनुवटीखाली खाज, कोपराच्या आतल्या घडीत कातडी जाड झालेली असे चित्र असेल तर संशय गवतावर घ्यावा. पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांत गवत फुलते तेव्हा त्रास वाढतो, ही दुसरी खूण. जुन्या रुग्णांची त्वचा पुढे खरोखरच उन्हालाही खाजू लागते आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठीवर पट्ट्या चिकटवून केली जाणारी पॅच टेस्ट करावी लागते. घरच्या घरी करण्यासारखे एवढेच, की गवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावे, वाळलेले जाळू नये आणि शेतातून आल्यावर आधी चेहरा-मान धुऊन कपडे बदलावेत.

जंगलात आणखी काय खाजवते?

बिबा हे नाव पहिले. फोडताना त्याचे तेल उडाले की कातडीवर काळा डाग पडतो आणि एक-दोन दिवसांनी फोड येतात. ‘बिबा उतला’ म्हणतात तो हाच. गोडंबीसाठी बिबे फोडणाऱ्या बायांचे हात पाहिले असतील तर जास्त सांगायला नको. पाय मुरगळला किंवा काटा मोडला म्हणून बिब्याचा चटका देण्याची पद्धत अजून आहे. एकदा उतला असेल त्याने पुन्हा या वाटेला जाऊच नये, कारण पुढची प्रतिक्रिया आणखी जोरात येते. खाजकुयलीचे तसे नाही, तिथे वाळलेल्या शेंगांवरची कुसे कातडीत रुततात. चोळू नये. चिकटपट्टी लावून उचलावी आणि मग धुवावे.

मिरचीचा विषय थोडा सविस्तर. जानेवारी-फेब्रुवारीपासून दोन्ही जिल्ह्यांतले मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. दिवसभर मिरची हाताळलेल्या हातांची आग संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ केली की पुन्हा भडकते. याला कारण आहे. मिरचीतला तिखट घटक, कॅप्सेसिन, त्वचेतल्या ज्या संवेदकाला चिकटतो तोच संवेदक ४३ अंशांच्या आसपास आणि त्यावरच्या उष्णतेनेही जागा होतो. मेंदूला दोन्ही संदेश सारखेच पोहोचतात. त्यात कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी हाताला खाण्याचे तेल चोळायचे, मग साबणाने धुवायचे आणि पाणी गारच घ्यायचे.

लिंबाचीही एक गंमत आहे, ज्याला होते त्याला ती गंमत वाटत नाही. हाताला लिंबाचा रस लागलेला असताना कडक उन्हात गेले की एक-दोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखा डाग उठू शकतो आणि तो काळपट डाग महिनोन् महिने राहतो. ‘टॅन’ घालवायला लिंबू लावून उन्हात बसण्याचे व्हिडिओ पाहणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

ट्यूब आणि गोळी घ्यायची की नाही?

मेडिकलमध्ये खाजेसाठी मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड असते. सोबत बुरशीचे आणि जंतूंचे औषधही मिसळलेले असते. स्टिरॉइड सूज दाबते, म्हणून दोन दिवसांत जादू वाटते. योग्य आजारात, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस वापरले तर ते चांगलेच औषध आहे. पण कंबरेला, जांघेत गजकर्ण असताना ते लावले की वरची लाली जाते, बुरशी आत पसरत राहते आणि कडा नसलेला, ओळखू न येणारा चट्टा तयार होतो. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावल्यास कातडी पातळ होते आणि मग थोडे ऊनही सोसत नाही. उन्हाच्या त्रासावर लावलेली ट्यूबच उन्हाचा त्रास वाढवते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. प्रत्यक्षात काय होते ते सर्वांना माहीत आहे. आमच्याच घरात एका नातेवाइकाने दुकानातून आणलेली ट्यूब दोन वर्षे गालाला लावली. ‘गोरेपणाही येतो’ असे तिला काउंटरवरच सांगितले होते.

गोळ्यांबाबत एक गोष्ट इथल्या लोकांसाठी फार महत्त्वाची. खाजेवर, सर्दीवर सर्रास दिली जाणारी छोटी पिवळी किंवा पांढरी गोळी, क्लोरफेनिरामाइन (बोलीत ‘सीपीएम’), झोप आणते. ती आणि तिच्या जातीची काही जुनी औषधे घामही कमी करू शकतात. ४५ अंशांत काम करणाऱ्याने घाम कमी करणारी गोळी खाऊन निघणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको. सेट्रिझिननेही काही जणांना गुंगी येते. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीच्या जंगलात पाने तोडायला वाकलेल्या माणसाने पेंगुळलेले असणे हा त्वचेचा प्रश्न राहत नाही, तिथे वाघ आहे. गुंगी कमी आणणारी फेक्सोफेनाडिनसारखी औषधे आहेत. डॉक्टरांना ‘मी जंगलात कामाला जातो’ हे आपणहून सांगितले पाहिजे.

उलट, काही औषधे त्वचेला उन्हाबाबत नाजूक करतात. स्क्रब टायफससारख्या तापावरचे डॉक्सीसायक्लिन, रक्तदाबावरच्या काही गोळ्यांतले हायड्रोक्लोरोथायझाइड, दुखण्यावरची किटोप्रोफेन जेल आणि पांढऱ्या डागांसाठी लावली जाणारी बावची. नवीन औषध सुरू झाल्यावर उन्हात पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर गोळ्यांची पाकिटे सोबत घेऊन जावे. मनाने औषध बंद करू नये.

उन्हात जावेच लागते, त्यांनी काय करायचे?

‘दुपारी बाहेर पडू नका’ हा सल्ला तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना तसाही लागू पडत नाही. ते पहाटेच निघतात, ऊन तापण्याआधी परततात आणि दुपारी घरी पुडकी बांधतात. पण पहाटेचा अंधार हीच वाघ-अस्वलाची वेळ, म्हणून वन विभाग उजाडल्यावर, गटाने जायला सांगतो. उजाडल्यावर निघाले की परतायला उशीर आणि उन्हाचे तास वाढतात. त्वचेसाठी जे चांगले ते जिवासाठी धोक्याचे, अशी ही कात्री आहे आणि माझ्या मते इथे जिवाचेच ऐकावे. त्वचेला कपड्याने सांभाळता येते.

सनस्क्रीन चांगलेच, पण घामात दर दोन तासांनी पुन्हा लावायचे असते आणि मजुरीच्या हिशेबात ते बसत नाही. घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट त्याहून भरवशाचा. अनेक घरांत बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून रानात जातात, ते अगदी योग्य आहे. विरळ विणीच्या पातळ पांढऱ्या कापडातून अतिनील किरण बरेच आत येतात आणि ते ओले झाले की आणखी येतात. ओला दुपट्टा डोक्याला गारवा देतो म्हणून उष्माघातासाठी उत्तम, पण ज्याला उन्हाचे पुरळ येते त्याने मानेवर कोरड्या, जाड कापडाचा एक पदर वेगळा ठेवावा. घरी आल्यावर गार पाण्याची घडी दहा मिनिटे खाजेवर ठेवली की नखे आपोआप थांबतात. मुलतानी माती गार वाटते, पण वाळताना कातडी ओढते. मोठ्यांना पाठीवर चालेल, लहान मुलांना नको. जंतुनाशक द्रव थेट अंगावर ओतणे तर कुणालाच नको.

अनेक गावांत आता ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करतात. फळीवर, म्हणजे पाने गोळा होतात त्या केंद्रावर, पुडकी मोजून देण्यासाठी ताटकळावे लागते. ती रांग सावलीत असावी, तिथे हात-तोंड धुण्यापुरते पाणी असावे, हे ठरावात घालणे ग्रामसभेच्या हातात आहे.

न खाजणाऱ्या चट्ट्याचे काय?

खाजेवरच्या लेखात हे का, असे वाटेल. चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातील कुष्ठरोगाचे जास्त रुग्ण आढळणारे जिल्हे आहेत. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ महारोगी सेवा समितीचे काम उभे केले, ते याच पट्ट्यात. उन्हाळ्यात कातडी सावळी होते तेव्हा फिकट चट्टा उठून दिसतो आणि ‘उन्हाने डाग पडला’ म्हणून सोडून दिला जातो. तो खाजत नसेल, त्यावर घाम येत नसेल, धूळ बसून तेवढीच जागा कोरडी दिसत असेल आणि कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर आशा ताईंना दाखवायचा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र गेलेली संवेदना परत येईलच असे नाही.

तातडीने कधी जायचे?

अंग तापलेले, घाम बंद, बोलणे असंबद्ध किंवा चक्कर येऊन पडणे हा उष्माघात. १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत सावलीत पाणी ओतून वारा घालणे. पुरळात पू, ताप किंवा फोड असतील, गालांवर नाकापासून दोन्हीकडे पसरलेला लाल चट्टा आणि सोबत सांधेदुखी असेल, तर दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठावा. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत असेल आणि घरातले दोघे-तिघे खाजवत असतील तर ऊन सोडा, ती खरूज आहे. उपचार सगळ्या घराने एकदम घ्यायचा.

शेवटी, हातातल्या मोबाइलचा उपयोग. एटापल्ली-भामरागडहून चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचेपर्यंत गांधी कधीच्याच गेलेल्या असतात आणि डॉक्टरांना स्वच्छ कातडी दिसते. म्हणून पुरळ उठलेले असतानाच फोटो काढावा. फ्लॅश बंद, दिवसाच्या सावलीतला उजेड, एक फोटो हातभर अंतरावरून म्हणजे जागा कळेल, एक जवळून, आणि शेजारी एक रुपयाचे नाणे म्हणजे आकार कळेल. उन्हात किती वाजता गेलो, पुरळ किती वाजता उठले आणि कधी गेले, हे त्याच दिवशी फोनमध्ये लिहून ठेवावे. ई-संजीवनीवर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्टरांशी बोलताना हेच दोन फोटो आणि तीन वेळा कामाला येतात.